निसटलेले दुवे

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर बोलावे, नाट्यपरंपरेवर बोलावे, निदान एखाद्या थोर कवीचे स्मरण करावे अशी रीत आहे. मी मात्र आज खुनाच्या गोष्टींविषयी बोलणार आहे, आणि तेही त्यांच्या गुणांविषयी नव्हे, चुकांविषयी. हा विषय ऐकून कार्यवाहांच्या कपाळावर क्षणभर आठी उमटली होती. परंतु मी त्यांना देवघेवीच्या नोंदवहीची आठवण करून दिली. आपल्या ग्रंथालयातील कोणती पुस्तके सर्वांत अधिक झिजली, कोणत्या पुस्तकांची बांधणी पुनःपुन्हा करावी लागली, हे त्या नोंदवहीला ठाऊक आहे. खानदेशातून सुरतेच्या गिरण्यांत आणि यंत्रमागांवर आलेल्या माणसाने पाळी संपल्यावर येथून जे पुस्तक काखोटीला मारून नेले, ते बहुधा रहस्यकथेचेच होते. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार, धनंजय आणि काळा पहाड यांनी कित्येक घरांत वाचनाची पहिली गोडी लावली. ज्या वाचनाने आपल्याला वाचक केले, त्याचा उल्लेख अशा प्रसंगी टाळणे हा कृतघ्नपणा ठरेल.

या झिजलेल्या पुस्तकांत मला एक दुसरे वाङ्मय सापडले. ते समासांत, पेन्सिलीने लिहिलेले आहे. पुस्तकावर काही लिहू नये असा आपला नियम आहे आणि तो योग्यच आहे. तरीही रहस्यकथांच्या समासांत अज्ञात वाचकांनी लेखकांची उलटतपासणी केलेली दिसते. ‘हा गृहस्थ पान ४२ वर मेला आहे.’ ‘मघाशी अमावास्या होती, आता चांदणे कोठून आले?’ ‘दार आतून बंद होते ना?’ एका ठिकाणी तर केवळ ‘वा रे पोलीस!’ एवढेच लिहिलेले आहे. हे वाचक समीक्षक नव्हते, पण लेखकाने जे लिहिले त्यावर त्यांनी विश्वास ठेवला होता, म्हणूनच तो मोडल्याचे त्यांना खटकले. लक्षपूर्वक न वाचणाऱ्याला चूक सापडत नाही.

या चुका दोन प्रकारच्या असतात. पहिली सातत्याची चूक. पान ३० वर भिजलेली छत्री पान ३१ वर कोरडी असते. दुसरे कथानकाचे भगदाड. तेथे एखादी वस्तू चुकलेली नसते, तर घटनेमागचे कारणच नाहीसे झालेले असते. ज्या माणसाला खुनी ओळखीचा होता, त्याने शेवटच्या प्रकरणापर्यंत तोंड का उघडले नाही, या प्रश्नाला उत्तरच नसते.

सातत्याची चूक थोरामोठ्यांनाही चुकलेली नाही. आर्थर कॉनन डॉयल यांच्या १८८७ च्या पहिल्या कादंबरीत डॉ. वॉटसनला अफगाणिस्तानच्या लढाईत खांद्याला गोळी लागली आहे. १८९० च्या दुसऱ्या कादंबरीत ती जखम पायात गेलेली आहे. एका कथेत त्याची पत्नीच जॉन वॉटसनला ‘जेम्स’ म्हणून हाक मारते. होम्सचा महाशत्रू मोरिआर्टी याचे नाव आपण कधी ऐकलेले नाही असे वॉटसन १८९३ च्या कथेत सांगतो. पुढे १९१४ साली सुरू झालेल्या कादंबरीत, जी त्या कथेच्या आधीच्या काळात घडते, तो मोरिआर्टीविषयी सर्व काही जाणून आहे.

चित्रपटात तर अशा चुकांचा धोका कायमच असतो. पडद्यावर जी घटना पाच मिनिटे सलग चालते, तिचे चित्रीकरण पाच निरनिराळ्या दिवशी, कधी शेवट आधी आणि आरंभ नंतर, असे झालेले असते. नटाच्या बाहीची घडी, पेल्यातील पाण्याची पातळी, भिंतीवरच्या घड्याळातील वेळ यांची नोंद ठेवणारा साहाय्यक नेमावा लागतो तो यासाठीच. हिचकॉकच्या १९६० च्या ‘सायको’मध्ये खून झालेल्या स्त्रीचा डोळा पडदाभर दिसतो. मृत्यूनंतर बाहुली विस्फारते, येथे ती आकुंचित आहे, असे नेत्रवैद्यांनी त्यांना पत्राने कळवल्याचे आणि पुढच्या वेळी डोळ्यांत बेलाडोनाचे थेंब घालण्याचा सल्ला दिल्याचे सांगतात. प्रेक्षक घरी जाऊन फ्रिज उघडतो तेव्हा त्याला कथेतील गफलत सुचते, असे हिचकॉक गमतीने म्हणत असत. तोवर चित्रपटाने आपले काम साधलेले असते.

आपल्याकडील दैनंदिन मालिकांची अडचण याहून मोठी. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि चित्रित झालेला भाग थोड्याच दिवसांत प्रक्षेपित व्हायचा. २०२१ च्या एप्रिलमध्ये महासाथीच्या निर्बंधांमुळे महाराष्ट्रात चित्रीकरण थांबले, तेव्हा कित्येक मराठी मालिकांना गोव्यासारख्या ठिकाणी आपला संसार हलवावा लागला. अशा वेळी अंगण बदलले, ओसरीचा खांब नाहीसा झाला, तर त्याला हसावे, पण रागावू नये.

मग चूक क्षम्य कोणती आणि अक्षम्य कोणती? डॉयल यांची १८९२ ची ठिपकेदार पट्ट्याची कथा घ्या. तिचा हिंदुस्थानशी संबंध असल्यामुळे आपण तिचे विशेष अधिकारी परीक्षक आहोत. तीत हिंदुस्थानातून नेलेला साप दूध पितो, शिट्टी ऐकून परत फिरतो आणि घंटेच्या दोरीवरून चढ-उतार करतो. त्याची म्हणून जी जात सांगितली आहे ती आपल्या देशात नाही. त्याच घराच्या आवारात हिंदुस्थानातून आणलेला बबून मोकळा हिंडतो. बबून हे आफ्रिकेचे आणि अरबस्तानचे माकड. चित्ताही आहे, पण तो त्या काळी आपल्याकडे होता, तेवढे लेखकाच्या बाजूने मान्य करू. इतक्या चुका असूनही १९२७ साली डॉयल यांनी आपल्या कथांची प्रतवारी लावली तेव्हा हिला पहिले स्थान दिले, आणि वाचकांनीही तक्रार केली नाही. याचे कारण, सापाविषयीचे सारे चुकले असले तरी माणसाविषयीचे काहीच चुकलेले नाही. बहीण गमावलेली ती मुलगी त्याच खोलीत झोपताना जशी भेदरेल, तशीच ती भेदरते.

याच्या उलट उदाहरण रेमंड चँडलर यांच्या १९३९ च्या कादंबरीचे. तीत एका धनिकाच्या घरच्या मोटारचालकाचा मृतदेह समुद्रात पडलेल्या मोटारीत सापडतो. चित्रपट करताना हॉवर्ड हॉक्स यांच्या मंडळींना प्रश्न पडला की याला मारले कोणी. लेखकाला विचारले, तेव्हा ते आपल्यालाही ठाऊक नसल्याचे त्यांनी कळवले. हा किस्सा विनोद म्हणून सांगितला जातो. मला त्यात एक गोष्ट खटकते. कथेत इतके खून होतात, सर्वांचा हिशेब लागतो, आणि ज्याचा हिशेब राहून जातो तो नेमका घरचा नोकर निघतो.

आता मी खूनसत्राच्या कथेकडे वळतो, ज्याला आपण सर्रास ‘सिरियल किलर’ची कथा म्हणतो. एका खुनाच्या कथेपेक्षा ही रचना अधिक ठिसूळ असते. येथे प्रत्येक खुनाला वेगळी वेळ, स्थळ, साधन आणि संधी लागते, आणि सर्वांना मिळून एक सूत्र लागते. खुनी नोकरी करतो केव्हा, झोपतो केव्हा, प्रवासाचा पैसा कोठून आणतो, याचे वेळापत्रक लेखकाजवळ नसले की भगदाड पडते. मग ते बुजवण्यासाठी खुन्याला सर्वज्ञ आणि पोलिसांना मूर्ख करावे लागते. अखेरीस खुन्याच्या बालपणातील एखादा प्रसंग दोन पानांत सांगून साऱ्याचा उलगडा झाला असे जाहीर केले जाते. वास्तवात न्यायालयांना हा प्रश्न इतका सोपा वाटत नाही. मुंबईच्या रमण राघवला १९६९ साली फाशीची शिक्षा झाली. त्याच्या मनोवस्थेची तपासणी मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाकडून होऊन ती शिक्षा जन्मठेपेत बदलायला १९८७ साल उजाडले.

पेन्सिलवाल्या वाचकांचा सर्वांत आवडता आक्षेप मात्र वेगळाच आहे: ‘इतके खून झाले तरी कोणाला कळले कसे नाही?’ हा आक्षेप मीही वर्षानुवर्षे घेत आलो. त्याविषयी माझी खात्री कशी डळमळली ते सांगतो.

आपल्याच ग्रंथालयातील एक जुनी रहस्यकादंबरी मी तरुणपणी रात्रीत वाचून संपवली होती. तीत एक स्त्री एका प्रकरणात पुण्यास असते आणि लगेच पुढे ती मुंबईत, विधवेच्या वेषात दिसते. नवरा केव्हा मेला याचा पत्ता नाही. मी तिचे उदाहरण देऊन त्या लेखकाची यथेच्छ टिंगल केली. पुष्कळ वर्षांनी त्याच कादंबरीची दुसरी प्रत हाती आली. तीत नवऱ्याचे आजारपण होते, मृत्यू होता, तिचे मुंबईस जाणे होते, सारे काही होते. आपल्या प्रतीतून सातवा फर्मा, पान ९७ ते ११२, निघून गेला होता. दुसऱ्याच्या चुका टिपणाऱ्या मला ९६ नंतर ११३ आल्याचेही दिसले नव्हते. त्या दिवसापासून कथेत भगदाड आहे म्हणण्यापूर्वी मी प्रत पुरी आहे ना, हे पाहून घेतो.

वास्तवातील खूनसत्रे अशाच अपुऱ्या प्रतीसारखी असतात, हे मला पुढे उमगले. १९६६ साली मुंबईच्या उपनगरांत रस्त्याकडेला झोपणाऱ्या माणसांवर रात्री हल्ले होत होते. त्या सुमारास पोलिसांनी परिसरात भटकणाऱ्या एका माणसाला पकडले. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगल्याची त्याची जुनी नोंदही होती. परंतु ठोस पुरावा नसल्याने तो सुटला. १९६८ मध्ये हल्ले पुन्हा सुरू झाले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी रस्त्यात ज्याला ओळखून पकडले, तो तोच माणूस, रमण राघव. दरम्यान किती माणसे गेली! कादंबरीत हे आले असते तर समासात ‘वा रे पोलीस!’ हे शब्द ठरलेले होते.

पुण्याचे जोशी-अभ्यंकर खटल्याचे प्रकरण आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून झाले. पहिल्या बळीकडून, आपण घर सोडून जात आहोत, अशी चिठ्ठी लिहून घेण्यात आली होती. चिठ्ठी हस्ताक्षरात होती, म्हणून घर सोडून गेला ही गोष्ट खरी वाटली. गुन्हेगारांनी कथानकाचे भगदाड बुजवलेच होते! पुढे संशयितांच्या चौकशीत उत्तरे जुळेनात, आणि त्यांच्या ओळखीच्या एका सहाध्यायाच्या साक्षीने प्रकरण उकलले. तपास-अधिकारी जबान्या शेजारी ठेवून वाचतो तेव्हा तो आपल्या पेन्सिलवाल्या वाचकाचेच काम करीत असतो. १९८३ च्या नोव्हेंबरात चार आरोपींना येरवड्यास फाशी झाली, आणि १९८६ साली राजदत्त यांच्या ‘माफीचा साक्षीदार’ या चित्रपटाने तो विषय पडद्यावर आणला.

तिसरे प्रकरण अलीकडचे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सातारा जिल्ह्यातील वाई परिसरात, डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका इसमाला अटक झाली. २००३ पासून सहा जणांचे खून केल्याचा आरोप पोलिसांनी त्याच्यावर ठेवला. न्यायाचा निवाडा करणे हा माझा अधिकार नव्हे. मला विचार करायला लावतो तो तेरा वर्षांचा काळ. माणसे एकेक करून, वर्षावर्षांच्या अंतराने नाहीशी झाली. प्रत्येक घराने आपापल्या माणसाची वाट पाहिली. पण या वाट पाहण्याची बेरीज कोणी केली नाही. २०२० साली झी मराठी वाहिनीवर सुरू झालेली ‘देवमाणूस’ ही मालिका या प्रकरणावरूनच सुचलेली. किरण गायकवाड यांनी रंगवलेला तो गोडबोल्या डॉक्टर घराघरांत पोहोचला. मालिका पाहताना ‘गावात एकालाही संशय येऊ नये?’ असे म्हणणारे पुष्कळ भेटत. अशा वेळी मला वाईची तेरा वर्षे आठवत.

सुरत-भुसावळ मार्गावरील नवापूरचे स्थानक आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. फलाटावरच्या एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. समजा, या बाकावरून एक माणूस नाहीसा झाला. त्याची तक्रार एका राज्याच्या वहीत, आणि मृतदेहाची नोंद दुसऱ्या राज्याच्या वहीत. दोन्ही वह्या बिनचूक असतील, तरीही गोष्ट अपुरी राहील. ही मी केलेली कल्पना आहे. पण दोन बिनचूक वह्यांच्या मधल्या जागेत खुनी सुखाने राहू शकतो, एवढे या तीन प्रकरणांवरून सांगता येते.

यावर कोणी म्हणेल, वास्तवातच अशी भगदाडे असतील तर लेखकाला दोष का द्यावा? मला हा युक्तिवाद मान्य नाही. ‘असे घडते’ एवढे म्हणून लेखकाची सुटका होत नाही; ते का घडते हे त्याने दाखवले पाहिजे. पदपथावरच्या माणसाचा मृत्यू शहराच्या हिशेबात किती असतो, हाताला गुण आहे असे नाव झालेल्या माणसावर गाव किती विश्वास टाकते, एखादी स्त्री नाहीशी झाली की ‘गेली असेल कोठेतरी’ हे शब्द किती सहज निघतात, हे ज्याने दाखवले त्याच्या कथेतले भगदाड भगदाड राहत नाही. तेच त्या कथेचे खरे रहस्य होते.

म्हणून खूनसत्राच्या कथेतील सर्वांत मोठी सातत्याची चूक मला छत्रीची किंवा घड्याळाची वाटत नाही. ती दुःखाची आहे. तिसऱ्या प्रकरणात एका तरुणाचा खून होतो. त्याची आई हंबरडा फोडते. चौथ्या प्रकरणापासून ती आई कथेतून नाहीशी होते. तिला कोणी काही विचारत नाही आणि तीही कोणाला काही विचारत नाही. खुन्याच्या कोटाचा रंग शेवटपर्यंत टिकतो, पण बळी गेलेल्याच्या घरचा शोक आठ पानेही टिकत नाही. बहुतेक भगदाडांचा उगम येथेच असतो. त्या आईला लेखकाने कथेत राहू दिले असते तर तिने रोज पोलीस चौकीची पायरी झिजवली असती, मुलाच्या खिशातली चिठ्ठी कोणाची हे शोधले असते, दुसऱ्या बळीच्या घरी जाऊन आली असती. अशा आया जिवंत असताना खुन्याला अकरा प्रकरणे मोकळे हिंडवणे लेखकाला सोपे गेले नसते. माणूस निसटला की त्याच्याबरोबर दुवाही निसटतो.

अ‍ॅगाथा ख्रिस्तीने १९३६ च्या आपल्या कादंबरीत हे जाणले होते. तीत इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने गावे आणि माणसे निवडून खून होत जातात. उलगडा मी सांगत नाही, कारण ज्यांनी ती वाचली नसेल त्यांचा आनंद हिरावण्याचा मला हक्क नाही. एवढेच सांगतो की पॉयरो मेलेल्यांच्या नातेवाइकांना एकत्र बसवतो आणि तपासात सामील करून घेतो. त्यांची आठवण हेच त्याचे साधन होते. इतकी कृत्रिम योजना असूनही ती कथा उभी राहते, ती या माणसांच्या आधारावर.

वाचकहो, समारोपाकडे येतो. या भाषणाच्या तयारीसाठी मी रहस्यकथांचे कपाट पुन्हा एकदा चाळले. ग्रंथपालांनी पुष्कळ समास खोडरबराने स्वच्छ केले आहेत. त्यांच्या कर्तव्यदक्षतेबद्दल माझी तक्रार नाही. पण एका पुस्तकात, तिसऱ्या खुनाच्या पानावर, बारीक अक्षरांत लिहिलेली एक ओळ राहून गेली आहे. तारीख नाही, सही नाही. लिहिणारा कोण, गिरणीतला कामगार की दुपारी पुस्तक बदलायला येणारी एखादी गृहिणी, हे कळायला मार्ग नाही. कथेत खून झालेला मनुष्य परगावाहून पोटासाठी आलेला, भाड्याच्या खोलीत एकटा राहणारा आहे. लेखकाने त्याला एक परिच्छेद दिला आहे आणि तपास पुढे गेला आहे. समासात लिहिले आहे: ‘याच्या गावी कोणी कळवले का?’

हा प्रश्न एखाद्या व्यासंगी समीक्षकाला सुचला नसता. तो सुचायला घर सोडून परक्या शहरात यावे लागते. आपल्या गावी आपली वाट पाहणारे कोणी आहे, आणि आपले काही बरेवाईट झाले तर तेथे कोण कळवील, हा विचार ज्याच्या मनात रात्री येऊन गेला आहे, त्यालाच ते भगदाड दिसले. सुरतेत आलेल्या मराठी माणसाला ते दिसावे यात नवल नाही.

ग्रंथपालांना माझी विनंती आहे. नियम मोडल्याचा दंड अवश्य आकारावा, पण ती एवढी एक ओळ पुसू नये.